नेहमीपेक्षा जास्त

आमच्या कचेरीत कोणाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची पद्धत नाही. ज्याच्या वाट्याला जो तक्ता, तेच त्याचं नाव. माझ्याकडे रस्ते आणि पूल, म्हणजे उन्हानं पाघळणारं डांबर आणि पुरात खचणारे खांब, म्हणून मी डांबरशेठ. पिकांचं नुकसान काढतो तो दाणे. समुद्र कुठवर आत शिरेल ते सांगते ती भरती. पुढच्या शंभर वर्षांतलं नुकसान आजच्या पैशात आणताना दर वर्षाला थोडं थोडं कापतात ते वटावराव. आणि उन्हानं माणसं किती मरतील हा तक्ता जिच्याकडे, ती यमूताई. हे नाव मी ठेवलं आणि ते ऐकून ती पोट धरून हसली होती, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आमचं काम एका वाक्यात सांगता येतं, पण ऐकणाऱ्याला ते पटत नाही. धुराड्यातून किंवा गाडीच्या नळीतून एक टन कार्बन हवेत गेला, तर आज, उद्या आणि आपण सगळे मेल्यावरही त्यानं किती नुकसान होतं, त्याचा भाव काढायचा. वर्षभर बारा-पंधरा माणसं डोकेफोड करतात आणि शेवटी एकच आकडा बाहेर पडतो. माझी मेहुणी भेटली की विचारते, "काय भावजी, धुराचा भाव सध्या तेजीत की मंदीत?" मी हसतो. हसण्यासारखं त्यात काही नसतं.

कारण त्या आकड्यावर पुष्कळ काही अडलेलं असतं. सरकारला वीजकेंद्र बांधायचं असो, विमानतळ वाढवायचा असो, फायद्यातोट्याच्या हिशेबात आमचा आकडा घालावा लागतो. आकडा लहान असला की सगळं फायद्याचं ठरतं. गेल्या वर्षीचा आमचा आकडा होता अठ्ठेचाळीस. शहराबाहेरच्या वीजकेंद्राला यंदा दुसरं धुराडं हवं होतं, आणि कोणीही कागदावर मांडून पाहावं, टनाचा भाव साठाच्या वर गेला की ते धुराडं तोट्यात जात होतं. हा साठ आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. तोंडानं मात्र कोणी त्याचा उच्चार करत नव्हतं.

यमूताईचा तक्ता समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून तो सांगतो. 'ऊन लागून मेला' असं कोणाच्याच दाखल्यावर नसतं. हृदय बंद पडलं, मूत्रपिंड गेलं, श्वास कोंडला, असंच लिहिलेलं असतं. मग उन्हानं मेलेले ओळखायचे कसे? तर त्या आठवड्यात गेली पाच वर्षं सरासरी किती माणसं गेली ते पाहायचं. हे 'नेहमीचे'. यंदा किती गेली ते पाहायचं. हे 'यंदाचे'. एकातून दुसरं वजा करायचं. जो 'फरक' उरला, तो उन्हाचा.

इथवर ठीक. पण त्यापुढे चौथा रकाना होता. उन्हात मरतात ते बहुतेक म्हातारे, आजारी. त्यांतले काही आठ-पंधरा दिवसांत तसेही गेले असते, उन्हानं फक्त ढकललं. अशी माणसं आधीच गेली, तर उन्हाची लाट ओसरल्यावरच्या आठवड्यांत मृत्यू नेहमीपेक्षा कमी व्हायला हवेत. त्याला आम्ही 'उतार' म्हणायचो. जितका उतार, तितकी माणसं फरकातून वजा. या रकान्याला कागदोपत्री लांबलचक नाव होतं, पण बोलताना आम्ही त्याला 'जायचंच' म्हणायचो. जायचंच होतं, त्यातलं जायचंच. "यमूताई, तुमचे जायचंच किती?" "दहातले सहा." चहा ढवळताना आम्ही असं बोलत असू, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

हे दहातले सहा कुठून आले होते? कोणा दुसऱ्या देशाच्या जुन्या अभ्यासातून. तिकडे कधी काळी उतार दिसला होता, म्हणून इकडेही सहा कापायचे. यमूताई तीन वर्षं मॅडमच्या मागे लागली होती की आपल्याकडे इतका उतार दिसत नाही, ही वजावट काढून टाका. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. बाई हुशार, मनानंही वाईट नाही. त्या म्हणाल्या, "यंदा लाट आली की आपलेच आठवडे मोज. उतार नाही दिसला तर वजावट काढू. शब्द देते." आणि यमूताईनं तो शब्द गाठीला बांधून ठेवला.

लाट आली. कचेरीतली गार हवेची यंत्रं गुरगुरायला लागली, शिपाई खिडक्यांना ओली फडकी लावत हिंडू लागले, आणि माझ्या तक्त्यातलं डांबर खरोखरीच कचेरीपुढच्या चौकात चपलांना चिकटायला लागलं.

यमूताईचे बाबा रोज जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या फोनवर फोन करत. निवृत्त बस कंडक्टर. एक्याऐंशी वर्षांचे. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागे. "ठमे, जेवलीस का?" एवढंच विचारायचं असे. फोन मी उचलला तर म्हणत, "काय डांबरशेठ, रस्ता शिजला का?" पाचव्या मजल्यावर, गच्चीच्या खालच्याच खोल्यांत ते एकटे राहत. दिवसभर तापलेलं छत त्यांच्या डोक्यावर. यमूताई त्यांना आपल्याकडे चला म्हणून विनवत होती, आणि ते म्हणत होते, "तुमच्या दोन खोल्यांत चौघं आहात. पाचवा उभा प्रवासी घेत नाही मी." तिनं सांगितलेलं बाकी सगळं ते ऐकत. ओली चादर, पाणी, दुपारी बाहेर पडायचं नाही. हट्टी म्हातारा नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर पुष्कळांनी तेही बोलून घेतलं.

त्या मंगळवारी शहरभर यंत्रांचा इतका भार झाला की त्यांच्या भागातली वीज दुपारीच गेली. सुट्टीत फोन वाजला नाही. यमूताई म्हणाली, "झोपले असतील." डबा तिनं उघडला, पण जेवली नाही. मग फोन वाजला तो शेजारच्या काकूंचा.

मी बरोबर गेलो. जिन्यात पायऱ्यांना हात लावला तर तव्यासारखा चटका. बाबा खुर्चीत बसले होते, ओली चादर खांद्यावर होती आणि ती खडखडीत वाळली होती. डॉक्टरनं दाखल्यावर हृदयक्रिया बंद असं लिहिलं. यमूताईनं विचारलं, "उन्हानं ना?" तो दमलेला होता, सकाळपासूनचं कितवं घर कोण जाणे. म्हणाला, "ताई, ऊन कसं लिहू मी? वय एक्याऐंशी आहे त्यांचं." यमूताईनं मान डोलावली. बाहेरच्या कोणाला कळणार नाही, पण मला कळलं. आपल्या तक्त्यात नोंद कशी येते, ते ती तिथे उभी राहून पाहत होती.

दोन दिवसांनी सगळी कचेरी तिच्या घरी भेटायला गेली. मॅडमनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. म्हणाल्या, "सावर ग. वय झालं होतं. आज ना उद्या जायचंच होतं त्यांना."

बोलून गेल्या आणि मग त्यांना समजलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. दाणे फरशीकडे बघायला लागला, भरतीनं पदर तोंडाला लावला. हे वाक्य मीही दुसऱ्यांच्या घरी शंभरदा बोललो असेन. कोणी गेलं की ते आपोआप तोंडातून येतं, त्यात कोणाचा दोष नसतो. पण त्या खोलीत बसलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं की या वाक्याचा आम्ही रकाना केलाय, आणि त्या रकान्यात गेलेला माणूस आम्ही मेलेल्यांत धरत नाही.

यमूताई म्हणाली, "चहा घ्या सगळ्यांनी."

पुढच्या सोमवारी ती कामावर आली. दर सोमवारी नोंदणी कचेरीतून आधीच्या आठवड्याचे मृत्यू येत. तिनं आकडे भरले, वजाबाकी केली आणि मला हाक मारली. फरक होता नऊशे बारा.

"यात बाबा आहेत," ती म्हणाली.

"यमूताई, आज राहू द्या हो हे."

"नाही, बघा तरी. नेहमीच्या आठवड्याला इतके जातात. त्यांच्याहून नऊशे बारा जास्त गेले. बाबा त्या नऊशे बारांत. पण नेमके कुठले, ते नाही सांगता येणार. नावानं ते कुठेच नाहीत. वजाबाकी केली की उरतात."

मला संताप आला. कोणाचा, ते नीट सांगता येणार नाही. माझ्या टेबलावर पूल होते. खचला तर दुसरा बांधता येतो आणि त्याचा खर्चही ठाऊक असतो. मी आपल्या जागी जाऊन उगाच कागद इकडचे तिकडे केले.

मग सुरू झाली उताराची वाट. लाट ओसरली होती. आता येत्या आठवड्यांत मृत्यू नेहमीपेक्षा कमी झाले, तर त्याचा अर्थ, गेलेले जाणारच होते. नेहमीइतकेच राहिले, तर त्याचा अर्थ, ते जगले असते. मॅडमनी पाच आठवडे दिले होते. अहवाल त्यानंतर.

पहिल्या सोमवारी उतार नाही. दुसऱ्या सोमवारी थोडासा, म्हणजे पंचवीसएक माणसं कमी. तो आकडा आला तशी यमूताई उठून हात धुऊन आली. दुपारी उपाहारगृहात माझ्यासमोर बसली आणि डब्याचं झाकण बोटानं फिरवत राहिली.

"डांबरशेठ, एक सांगू? कोणाला बोलू नका."

"बोला."

"मला वाटतं की या आठवड्यात माणसं मरायला हवीत. नेहमीइतकी तरी." ती अगदी हळू बोलत होती. "कमी मेली तर बाबा जायचंच होतात. काल मी त्यांच्या खोलीवर गेले होते. शेजारच्या काकू जिना चढत होत्या. धापा टाकत होत्या, जिन्यात बसल्याच. मी त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. आणि मनात काय आलं सांगू?"

"नका सांगू."

"आलंच मनात."

मला तिच्या डोळ्यांत पाहवेना. नेमकं कोणतं सांत्वन करायचं असतं अशा वेळी? वाईट वाटून घेऊ नका, म्हणायचं? मी माझ्या डब्यातला अर्धा भाग तिच्या झाकणात वाढला. तिनं तो खाल्ला, हीच काय ती मेहेरबानी.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या वेळेला कचेरीचा फोन वाजला आणि यमूताई धावली. बाबांच्या वेळेला वाजलेला फोन. चष्मेवाला बोलत होता. आजोबांनी हा नंबर दिला होता, त्यांचा नवा चष्मा तयार आहे, घेऊन जा. तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, आता ही कोसळणार. पण ती ताठ उभी होती.

"जाणारा माणूस नवा चष्मा करायला टाकतो का हो?" तिनं विचारलं. "नंबर वाढला होता त्यांचा. मला बोलले नाहीत."

तिसरा सोमवार, चौथा, पाचवा. उतार आला नाही. दुसऱ्या आठवड्यातले पंचवीस पुढे भरून निघाले. नऊशे बारांतली फार तर चाळीस-पन्नास माणसं जायचंच निघाली. बाकीची जगली असती. पाच महिने, पाच वर्षं, कोणी दहा. यमूताईनं वजावट काढली, सगळे तक्ते नव्यानं जोडले, आणि टनाचा भाव आला त्रेसष्ट.

साठाच्या वर.

ती माझ्या टेबलापाशी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, जीव आला होता. "मोजले गेले," ती म्हणाली. "सगळे मोजले गेले, डांबरशेठ." मी खरंच खूष झालो. इतका की मी तिला म्हणालो, बाबा असते तर म्हणाले असते, बेल मारा, गाडी सोडा.

बैठकीत मॅडमनी तिचे कागद एकेक करून वाचले. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "काम चोख आहे. याला कोणी हात लावू शकणार नाही. वजावट काढली." दाणेनं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर चापट मारली. शब्द पाळला होता बाईनं.

मग त्या वटावरावांकडे वळल्या.

वटावराव म्हणजे कचेरीतला सगळ्यांत सालस माणूस. खिशात कायम आवळ्याच्या गोळ्या, येईल त्याला देणार. त्यांचा तक्ता सगळ्यांत लहान, एका ओळीचा. पुढच्या वर्षीचे शंभर आजचे शंभर नसतात, म्हणून दर वर्षाला थोडे कापायचे. गेल्या वर्षी दर होता शेकडा अडीच. अडीच म्हणजे काय, असं वाटतं. पण ऐंशी वर्षं अडीच-अडीच कापत गेलं की शंभरातले चौदा उरतात. आमचं सगळं नुकसान, माझे पूल, भरतीचा समुद्र, यमूताईची माणसं, शेवटी त्यांच्या त्या एका ओळीतून चाळून निघतं.

"तीन धरला तर?" मॅडमनी विचारलं.

वटावरावांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "तीनही बसतो. अडीचही बसतो. दोन्ही पुस्तकात आहेत."

"लावून बघा."

त्यांनी लावला. पंचेचाळीस.

"इतका खाली नको. गेल्या वर्षीपेक्षा कमी दिसला तर लोक बोलतील."

"मग दोन पूर्णांक नऊ," वटावराव म्हणाले, आणि यंत्रावर बोटं चालवली. "अठ्ठेचाळीस."

अठ्ठेचाळीस. जिथल्या तिथे. पाच आठवडे त्या बाईनं काळजावर दगड ठेवून माणसं मोजली, आणि आकडा होता तिथे जाऊन बसला. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. पण यमूताईनं एवढंच विचारलं, "का?"

मॅडमनी काही लपवलं नाही. "वरून टिपण आलंय. त्यात अठ्ठेचाळीस आधीच छापलाय. मी नाही म्हणू शकते. मग माझ्या जागी दुसरी कोणी येईल आणि तुझी वजावटही परत येईल. निदान ती तरी गेली ना?" आणि हे त्या मनापासून बोलत होत्या. त्यांना खरंच वाटत होतं की काहीतरी वाचवलं.

यमूताई वटावरावांना म्हणाली, "पण बाबा तर यंदाचे आहेत. आजचे. त्यांना कसला वटाव?"

"बाबांना नाही हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला त्यांची मान पिरगाळावीशी वाटली. "बाबा पूर्ण धरलेत. वटाव पुढच्यांना. पुढच्या सगळ्या बाबांना."

मी माझा तक्ता मिटला. माझे पूलही कापले गेले होते, पण पूल काही दुपारच्या सुट्टीत फोन करत नाहीत.

महिन्याभरात दुसऱ्या धुराड्याला मंजुरी मिळाली. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. आमचा आकडा त्यात होता, 'तज्ज्ञांच्या काटेकोर हिशेबानुसार' असं म्हणून.

चष्मा आणायला यमूताईबरोबर मीच गेलो. ती म्हणाली, एकटीनं जाववत नाही. दुकान लहानसं होतं, भिंतभर आरसे, जिकडे बघावं तिकडे आपलंच तोंड. चष्मेवाल्यानं डबी उघडून समोर ठेवली. तिनं सांगितलं की बाबा गेले. तो चुकचुकला.

"अरेरे. हौशी माणूस हो. मी म्हटलं त्यांना, आजोबा, या वयात साधी काच बस झाली, उगाच जास्त पैसे कशाला? म्हणाले, नाही, चरा न पडणारी द्या, दहा वर्षं टिकली पाहिजे." त्यानं डबी आपल्याकडे ओढली. "काच तर आता कोणाच्या उपयोगाची नाही, त्यांच्याच नंबराची. पण फ्रेम मी परत घेतो. थोडा वटाव कापून."

यमूताई हसली. बाबा गेल्यापासून तिचं हसू मी ऐकलं नव्हतं, आणि हे ऐकायला नको होतं असं झालं. ती टेबलाला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आरशांतून दहा-बारा यमूताया हसत होत्या. चष्मेवाला भांबावला. त्याला वाटलं, बाई दुःखानं भ्रमली. भल्या मनानं तो म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नका. वय होतं. जायचंच होतं त्यांना."

ती हसायची थांबली. "नव्हतं जायचं," ती म्हणाली. "मोजलंय आम्ही."

डबी तिनं पर्समध्ये टाकली आणि आम्ही बाहेर पडलो. त्या क्षणी मला वाटलं, काही झालं तरी एवढं तिच्यापासून कोणी काढून घेऊ शकणार नाही. टनाचा भाव काहीही असो, धुराडं उभं राहो, पण बाबा नेहमीपेक्षा जास्त होते, ते मोजण्यात आले, आणि ते जगले असते. एवढं तरी खरं राहील. मी तिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "हो. एवढं आहे."

हिवाळा गेला, वर्ष बदललं. नव्या वर्षाचे तक्ते उघडले. आमच्याकडे दर वर्षी जुने आकडे यंत्र आपणच पुढे सरकवतं. त्यात कोणाला काही करावं लागत नाही.

मी माझे रस्ते भरत होतो. यमूताईनं हाक मारली, "डांबरशेठ, जरा इकडे या."

तिच्या पडद्यावर त्याच आठवड्याची ओळ होती, लाटेच्या आठवड्याची. यंदाचा रकाना अजून रिकामा. फरक रिकामा. भरलेला होता तो फक्त पहिला रकाना, नेहमीचे. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"गेल्या वर्षी इथे किती होते, आठवतं?"

मला आठवत नव्हतं. तिला होतं. "त्यापेक्षा हा मोठा आलाय. सरासरी पाच वर्षांची असते. सगळ्यांत जुनं वर्ष गळालं आणि गेलं वर्ष आत आलं."

मला अजून उमगलं नव्हतं. मी ठोंब्यासारखा उभा.

"बाबा इथे आलेत," ती म्हणाली. "नेहमीच्यांत. पूर्ण नाही, सध्या पाचवा हिस्सा. असे उन्हाळे लागोपाठ आले की पूर्ण येतील. मग एवढी माणसं गेली तर आपण म्हणणार, एवढी तर नेहमीच जातात. फरक काहीच निघणार नाही."

"पण मग हे बदलायला हवं. मॅडमना सांगू. लाटेची वर्षं सरासरीतून काढा म्हणावं."

"कुठली काढायची?" तिनं विचारलं. "आता सगळीच तशी आहेत."

पलीकडे वटावराव कोणाला तरी गोळी देत होते. सुट्टी होत आली होती, लोक डबे काढत होते. यमूताईनं ड्रॉवर उघडला, चष्म्याची डबी जरा मागे सारली, आपला डबा बाहेर काढला. पडद्यावरची ती ओळ तिनं तशीच साठवली. मग नेहमीच्या आवाजात मला विचारलं, "जेवलात का?"